उन्हाळी

लघवीला जळजळ सुरू झाली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. जुना शब्द आहे, आणि निदान नि उपचार दोन्ही त्यातच आले. उष्णता वाढली, म्हणून थंडावा द्या. मग धने भिजवलेलं पाणी, सब्जा, वाळ्याचं सरबत, ताक, नारळपाणी. बाई पोटुशी असली तर घरातली मोठी बाई एवढं आणखी म्हणते, ‘दिवसांत असं व्हायचंच गं, बाळ झालं की थांबेल.’

या पदार्थांत वाईट काही नाही. पोटात पाणी जातं, लघवी पातळ होते, आग कमी होते. पण आग कमी झाली म्हणजे दुखणं गेलं असं घरात धरून चालतात, आणि तिथे चूक होते. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्यापर्यंत बाई येत नाही, तिची लघवीची डबी येते. डबीवर नाव, वय आणि ‘गरोदर, २२ आठवडे’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. वैशाखात, भर पावसात, डिसेंबरच्या थंडीत या डब्या येत राहतात आणि बाराही महिने त्यांत जंतू सापडतात.

खरं तर या प्रकरणात मला ज्या बायकांविषयी सांगायचं आहे, त्यांना उन्हाळी लागलेलीच नसते. आग नाही, ताप नाही, ओटीपोटात दुखणं नाही. सारखं लघवीला जावं लागतं, पण ते तर प्रत्येकच गरोदर बाईला लागतं. शंभर गरोदर बायकांची लघवी तपासली तर दोन ते दहा जणींच्या लघवीत जंतूंची भरपूर वाढ मिळते, आणि त्या वेळी त्या अगदी ठणठणीत असतात. औषध दिलं नाही तर यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या बायकांचा संसर्ग पुढच्या काही महिन्यांत मूत्रपिंडापर्यंत चढतो, असं जुन्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं. वेळेवर औषध मिळालेल्यांत हा आकडा शंभरात एक ते चार इतका खाली आला.

याच जंतूंची, इतकीच वाढ दिवस न गेलेल्या धडधाकट बाईच्या लघवीत मिळाली आणि तिला त्रास नसला, तर आम्ही औषध देऊ नका म्हणतो. तिचं शरीर ते सांभाळून घेतं. मग गरोदर बाईच्या बाबतीत एवढी घाई का? जंतू तोच असतो. बदललेली असते ती तिच्या पोटातली वाट.

बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो, पुरुषाचा त्याच्या पाचपट. त्याचं तोंड योनी आणि गुदद्वाराच्या जवळ. त्यामुळे आतड्यातले जंतू मूत्राशयापर्यंत पोहोचणं बाईच्या बाबतीत आयुष्यभर सोपंच असतं. मूत्राशयापासून वर मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या मात्र चांगला पहारा देतात. त्या नुसत्या नळ्या नाहीत. त्यांच्या भिंतीत स्नायू असतात, ते लाटेसारखे आकसत जातात आणि लघवी थोडी थोडी करून सतत खाली ढकलतात. मूत्राशयात शिरण्याआधी त्या तिरक्या वळतात, त्यामुळे मूत्राशय भरला की त्यांची तोंडं आपोआप दाबली जातात. वरून खाली वाट मोकळी, खालून वर बंद.

दिवस गेले की प्रोजेस्टेरॉन वाढतं. गर्भाशयाने अवेळी आकसू नये म्हणून तिथले स्नायू शांत ठेवणं हे त्याचं मोठं काम. पण रक्तातून फिरणारं हे द्रव्य एकट्या गर्भाशयापाशी थांबत नाही. आतडी मंदावतात, म्हणून पोट साफ होत नाही. अन्ननलिकेचं खालचं तोंड सैल पडतं, म्हणून आंबट वर येतं. मूत्रवाहिन्याही सैल पडतात, आणि त्याची मात्र बाईला काहीच जाणीव होत नाही. त्या रुंदावतात, लाटा मंद होतात, लघवी वाहायची तिथे रेंगाळते. पुढे गर्भाशय वाढत ओटीपोटाबाहेर येतं आणि बाहेरून मूत्रवाहिन्या दाबतं. तेही सरळ वाढत नाही, किंचित उजवीकडे कलून वाढतं, कारण डाव्या बाजूला मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग असतो. त्या आतड्याच्या गादीमुळे डावी मूत्रवाहिनी बरीचशी वाचते, उजवी चेपली जाते. गरोदरपणात मूत्रपिंडाचा संसर्ग झाला की बहुधा उजवी कूस दुखते ती यामुळे. सोनोग्राफीच्या कागदावर ‘उजव्या मूत्रपिंडाला किंचित सूज’ असं वाचून घरचे घाबरतात. निव्वळ एवढ्यावरून घाबरायचं कारण नसतं. बहुसंख्य गरोदर बायकांत थोडंफार असं दिसतंच. पण ते वाचताना लघवीची तपासणी झाली आहे ना, हे जरूर विचारावं.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते. गरोदरपणात मूत्रपिंडं जवळपास दीडपट रक्त गाळतात, आणि त्या घाईत थोडी साखर लघवीत निसटते. साठलेली, कोमट, थोडी गोड लघवी म्हणजे जंतूंना आयतं ताट वाढून ठेवल्यासारखं.

हे ताट बहुतेक वेळा ज्याच्या वाट्याला जातं त्या जंतूचं नाव ई. कोलाय. गरोदरपणातल्या दहा संसर्गांपैकी सात-आठ त्याचेच. थिओडोर एशरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली म्युनिकमध्ये तान्ह्या बाळांच्या शीत तो पाहिला, त्याचं वर्णन केलं आणि पुढे त्याचंच नाव जंतूला मिळालं. आतड्यात तो आपल्याबरोबर जन्मभर राहतो आणि सहसा काही करत नाही. घर सोडून मूत्राशयात गेला की गोष्ट बदलते. तिथे जाणाऱ्या जातींच्या अंगावर बारीक केस असतात. केसांच्या टोकाला असलेली आकडी मूत्राशयाच्या अस्तरावरच्या साखरेच्या कणांना पकडते, आणि मग लघवीची धारही त्यांना धुऊन नेऊ शकत नाही. मूत्रपिंडापर्यंत चढणाऱ्या काही जातींकडे दुसऱ्या धाटणीचे केस असतात, मूत्रपिंडाच्या पेशी ओळखणारे. सूक्ष्मदर्शकाखाली हे केस दिसत नाहीत. दिसतात त्या फक्त आखूड, गुलाबी काड्या, आणि इतकी वर्षं पाहूनही मला त्यांच्या या तयारीचं नवल वाटतं.

काहीच दुखत नसलेल्या बाईच्या लघवीत जंतू आहेत हे शोधायचं कसं, हा प्रश्न वैद्यकाला बराच काळ सुटला नव्हता. लघवी बाहेर येताना त्वचेवरचे, योनीतले जंतू बरोबर घेऊन येते. कुणाचीही लघवी पेरली तरी काहीतरी उगवतंच. म्हणून डॉक्टर बायकांची लघवी नळी घालून काढत, आणि त्या नळीनेच बाहेरचे जंतू आत जात. तपासायला गेलं आणि आजार देऊन आलं, असंही घडे. अमेरिकेत पॉल बीसन या नामवंत वैद्याने १९५८ साली या नळीविरुद्ध एक संपादकीयच लिहिलं.

वाट काढली बॉस्टनच्या एडवर्ड कॅस यांनी. जंतू आहेत की नाहीत हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला आणि किती आहेत हे मोजलं. वाटेत चिकटून आलेले जंतू थोडे असतात. मूत्राशयात तासन्‌तास वाढलेले अफाट असतात. एका मिलिलिटरला १ लाख, ही सीमारेषा त्यांनी १९५६ मध्ये मांडली. त्याहून जास्त जंतू असले तर ते मूत्राशयातलेच, असं बहुतांशी धरता येतं. एका आकड्यामुळे नळी घालायची गरज संपली, आणि धडधाकट दिसणाऱ्या हजारो बायकांची तपासणी करणं शक्य झालं. कॅस यांनी मग बॉस्टनच्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या गरोदर बायका तपासल्या. आपल्या शरीरात काही आहे याची कल्पनाही नसलेल्या बायकाच पुढे तापाने फणफणून भरती होतात, आणि आधी औषध दिलं तर हे टळतं, हे त्यांनी दाखवून दिलं. गरोदर बाईची लघवी त्रास नसतानाही पेरून पाहावी, ही पद्धत तिथून रुजली.

आमच्या टेबलावर हे मोजणं आजही जवळपास तसंच चालतं. धातूच्या तारेचं एक इवलंसं कडं असतं, त्याला आम्ही लूप म्हणतो. लूप लघवीत बुडवून उचललं की त्यात मिलिलिटरचा हजारावा भाग मावतो. तो निळसर-हिरव्या माध्यमाच्या काचबशीवर रेघा ओढत पसरायचा आणि बशी ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची. सकाळी झाकण उघडलं की प्रत्येक जंतूच्या जागी एक ठिपका उगवलेला असतो. ई. कोलायचे ठिपके पिवळे, गुळगुळीत, डाळीच्या दाण्याएवढे. शंभर ठिपके मोजले की झाले मिलिलिटरला १ लाख. पुष्कळदा मोजावंच लागत नाही, अख्खी बशी पिवळी झालेली असते. अशी बशी हातात घेऊन मी डबीवरचं नाव पुन्हा वाचते. ती बाई त्या वेळी घरी भाकऱ्या थापत असेल किंवा ऑफिसात बसली असेल, आणि तिला यातलं काहीच ठाऊक नसेल.

आता त्या डबीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण निम्मी लढाई तिथेच जिंकली वा हरली जाते. ई. कोलायला सगळं मनासारखं मिळालं तर तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. १,००० जंतू असलेली डबी मे महिन्याच्या उकाड्यात दोन तास खिडकीत राहिली, तर सहा वेळा दुप्पट होऊन ६४,००० होतात. आणखी वीस मिनिटं, की १ लाखाची रेघ ओलांडली. बाईला आजार नसतानाही अहवाल आजाराचा येतो. म्हणून डबी दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत यायला हवी, किंवा तोवर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हवी. दुसरी गोष्ट घेण्याची. साध्या पाण्याने पुढून मागे धुवायचं. जंतुनाशक घातलेलं पाणी वापरायचं नाही, कारण त्याचे दोन थेंब डबीत पडले तरी जंतू मरतात आणि अहवाल खोटा साफ येतो. मग पहिली धार सोडून द्यायची, धार न थांबवता मधली डबीत घ्यायची, उरलेली पुन्हा सोडायची. डबी प्रयोगशाळेने दिलेलीच हवी. लोणच्याची बरणी कितीही उकळून आणली तरी चालत नाही. सकाळची पहिली लघवी सगळ्यांत चांगली, रात्रभर साठलेली असते म्हणून.

हे सगळं कागदावर सोपं आहे. मी पूर्वी ज्या रुग्णालयात होते तिथे बाईच्या हातात डबी ठेवून ‘जा, भरून आण’ एवढंच सांगत. स्वच्छतागृहाला कडी नव्हती, नळाला पाणी कधी असे कधी नसे. आठव्या महिन्यातली बाई एका हाताने दार धरून, एका हाताने साडी सावरून मधली धार कशी पकडणार? तिच्या बशीवर तीन-तीन प्रकारचे जंतू उगवत, आणि आम्ही छापील वाक्य लिहून देत असू: ‘नमुना दूषित, पुन्हा पाठवा.’ तीस-तीस किलोमीटरवरून एसटीने आलेली ती बाई पुन्हा येतच नसे. त्या वाक्याने किती जणींची तपासणी कायमची हुकली असेल, ते मनातून जात नाही. पुढे एका सिस्टरने दाराला कडी बसवून घेतली, आत बादली भरून ठेवायला लावली आणि प्रत्येकीला दोन मिनिटं नीट समजावून सांगायला सुरुवात केली. दूषित नमुने त्यानंतर डोळ्यांना दिसेल इतके कमी झाले.

‘पण आमची लघवी तर दर महिन्याला तपासतात,’ असं बायका म्हणतात. खरं आहे, पण ती तपासणी बहुधा वेगळी असते. आशाताई किंवा नर्सबाई पट्टी बुडवून पाहतात ती प्रथिनं आणि साखर, म्हणजे वाढता रक्तदाब आणि मधुमेह यांची चाहूल. जंतू शोधणाऱ्या पट्ट्याही मिळतात, पण गरोदरपणात त्या फसवतात. जंतूंनी लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट केलं की पट्टी गुलाबी होते. त्याला लघवी मूत्राशयात चार-एक तास मुरावी लागते. जी बाई तासातासाला उठते तिच्या मूत्राशयात एवढा वेळ काही राहतच नाही. शिवाय काही जंतू नायट्राइट बनवतच नाहीत. ‘रुटीन’ अहवालातल्या पस सेल्सचंही तसंच. गरोदरपणात अंगावरून पांढरं जास्त जातं, त्यातल्या पेशी मिसळून आकडा फुगतो, आणि खरा संसर्ग असूनही कधी कधी पस सेल्स मोजक्याच दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात म्हणूनच मधल्या धारेचं कल्चर करा, म्हणजे ती लघवी पेरून पाहा, म्हटलं, आणि कल्चरची सोय नसेल तिथे पट्टीपेक्षा काचेवर रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं बरं असं सांगितलं. पहिल्या तीन-चार महिन्यांत एकदा ‘युरिन कल्चर’ झालं आहे का, हा प्रश्न नावनोंदणीच्या वेळी विचारण्याजोगा आहे. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या आणि औषधं मोफत मिळावीत अशी योजना २०११ पासून आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून तपासणीचा दिवसही ठरलेला आहे. विचारायला संकोच करू नये.

संसर्ग वर चढला की चित्र एका रात्रीत पालटतं. सातव्या महिन्यात ओटीभरण होऊन माहेरी आलेली एक बाई मला आठवते. म्हणजे आठवतात त्या तिच्या रक्ताच्या बाटल्या. दोन दिवस पाठीत, बरगडीखाली उजव्या बाजूला दुखत होतं. गाडीच्या प्रवासाने अवघडलं असेल म्हणून आईने तेल चोळून शेकलं. तिसऱ्या दिवशी दात वाजतील अशी हुडहुडी भरली, ताप १०३ वर गेला, पोटात पाणी ठरेना. मलेरिया असेल म्हणून आधी रक्त तपासलं. लघवीचा विचार सर्वांत शेवटी झाला, कारण तिला जळजळ अजिबात नव्हती. तिच्या लघवीत आणि रक्तात एकच जंतू उगवला. मूत्रपिंडाचा संसर्ग झालेल्या गरोदर बायकांत साधारण पाच-सहा जणींमागे एकीच्या रक्तापर्यंत तो पोहोचतो.

रक्तात शिरलेल्या ई. कोलायच्या कवचातलं विष तिथून पुढचं नुकसान करतं. तांबड्या पेशी फुटतात आणि आधीच रक्त कमी असलेली बाई आणखी पांढरी पडते. काही दिवस मूत्रपिंडांचं काम मंदावतं. थोड्या बायकांच्या फुप्फुसांत पाणी झिरपतं, दम लागतो, प्राणवायू लावावा लागतो. ही वेळ अतिदक्षता विभागाची. म्हणून गरोदर बाईला कुशीत दुखणं, थंडी वाजून ताप आणि उलट्या या तिन्ही गोष्टी झाल्या तर घरी थांबू नये. तोंडाने औषध पोटात टिकत नाही, शिरेतून द्यावं लागतं, आणि ते दिलं की बहुतेक जणींचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. या बाईचाही उतरला.

बाळाचं काय होतं? आईच्या लघवीतले जंतू सरळ बाळापर्यंत सहसा जात नाहीत. पण ताप आणि दाह यांमुळे तिच्या शरीरात प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्यं वाढतात, आणि बाळंतपणाच्या वेळी गर्भाशयाला कळा आणणारी द्रव्यंही हीच. सैल राहिलेलं गर्भाशय आकसू लागतं. भरती झालेल्या बाईच्या पोटावर हात ठेवून सिस्टर मिनिटं मोजत बसते ती याच काळजीने. ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं, अडीच किलोहून हलकं बाळ म्हणजे श्वासाचा त्रास, दूध ओढण्याची ताकद नसणं, अंग गार पडणं, काचेच्या पेटीतले दिवस.

ज्यांना ताप आला नाही, नुसतेच जंतू होते, त्यांच्याही बाळांना धोका असतो का? यावर मतं बदलत आली आहेत, आणि ती वाचकांपासून लपवू नयेत. कॅस यांना असा संबंध दिसला होता. नेदरलँड्समध्ये सुमारे ५,००० गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच बाळ, मधुमेह नाही, त्रास नाही अशा या बायका. त्यांतल्या सुमारे ५ टक्के जणींना त्रासाविना जंतू होते. औषधाविना राहिलेल्यांपैकी २.४ टक्के बायकांना मूत्रपिंडाचा संसर्ग झाला. जंतू नसलेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होतं. म्हणजे धोका चौपट, पण जुन्या आकड्यांच्या मानाने फारच कमी. अकाली प्रसूतीशी तर संबंधच दिसला नाही. त्यानंतर अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटाने २०१९ मध्ये कल्चरची शिफारस कायम ठेवली, पण तिच्यामागचा ठामपणा एक पायरी खाली आणला. माझं मत विचाराल तर आपल्याकडे कल्चर करावंच. त्या अभ्यासातल्या बायका धट्ट्याकट्ट्या होत्या आणि त्यांची निगा राखणारी व्यवस्था हाताशी होती. आपल्याकडे निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्तक्षय आहे, गरोदरपणातला मधुमेह वाढतो आहे, आणि ताप आल्यावर दवाखाना गाठायला दोन दिवस जातात.

एका जंतूबद्दल मात्र मतभेद नाही. गट ब स्ट्रेप्टोकोकस. हा लघवीत थोडासा जरी सापडला तरी बाईच्या जननमार्गात त्याचं बस्तान दाट आहे असं समजायचं. जन्माच्या वेळी तो बाळाला लागू शकतो, आणि मग पहिल्या काही दिवसांतच रक्तातला संसर्ग, न्यूमोनिया, मेंदूज्वर. सहाव्या महिन्यात औषध देऊन लघवी साफ झाली तरी तो परत येतो, म्हणून कळा सुरू झाल्यावर आईला शिरेतून पेनिसिलिन द्यायचं असतं. माहेरच्या गावी बाळंतपण होणार असेल तर तो जुना अहवाल फाइलमध्ये हवाच. अहवाल सासरी राहिला आणि बाळंतपण माहेरी झालं, असं होऊ देऊ नका.

औषधाचं नाव डॉक्टरांनीच ठरवायचं, पण काही गोष्टी घरात माहीत असाव्यात. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गोळ्या लघवीच्या त्रासावर दुकानातून सर्रास आणल्या जातात. गरोदरपणात त्या टाळतात. डॉक्सिसायक्लिनही टाळतात, त्याने बाळाच्या दातांवर डाग पडतात. ट्रायमेथोप्रिम फोलिक ॲसिडच्या कामात आडवं येतं, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत नको. नायट्रोफ्युरँटॉइन मधल्या महिन्यांत चांगलं काम देतं, पण दिवस भरत आले की बाळाच्या तांबड्या पेशी फुटण्याच्या भीतीने थांबवतात. सेफॅलेक्सिन, फॉस्फोमायसिन हेही पर्याय आहेत. लघवीची आग शमवणारं सायट्रेटचं सिरप फक्त आग शमवतं, जंतू जिवंतच राहतात. यांतलं कुठलं औषध लागू पडेल हे आम्ही बशीवर पाहतो: जंतूंच्या थरावर औषधाच्या कागदी टिकल्या ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी ज्या टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं ते औषध चालतं. अँपिसिलिनच्या टिकलीला अगदी चिकटून उगवलेले जंतू आता रोजचेच झाले आहेत, आणि एके काळी हमखास चालणाऱ्या महागड्या इंजेक्शनांचीही तीच गत होत चालली आहे. दोन गोळ्या खाऊन बरं वाटलं म्हणून थांबलेली प्रत्येक बाई यात नकळत भर घालते. पण तिला पाच दिवसांच्या गोळ्यांचे पैसे एकदम परवडत नसतील, तर दोष तिच्या एकटीच्या माथी मारता येत नाही.

बायका पाणी कमी पितात, लघवी दाबून ठेवतात, हा उपदेश त्यांना रोज ऐकावा लागतो. त्या तसं का करतात हे विचारलं पाहिजे. एसटीत सहा तास बसायचं आणि स्थानकावरचं स्वच्छतागृह पाहून परत फिरायचं, हे ज्यांनी केलं आहे त्या प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी सोडतात. दिवाळीनंतर कोयता घेऊन मराठवाड्यातून निघालेल्या जोडप्यांत पोटुश्या बायका असतात. उसाच्या फडात आडोसा नाही, कोपीपाशी शौचालय नाही, अंधार पडेपर्यंत थांबायचं. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली ती एका साध्या प्रश्नावर: पुरुषांना मुतारी फुकट, मग बायकांकडून पैसे का? पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने हाच विषय मुंबई उच्च न्यायालयात नेला आणि २०१५ मध्ये न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहांची जबाबदारी घ्यायला सांगितलं. कडी असलेलं दार आणि नळाला पाणी ही मला मूत्रपिंडाच्या आजारावरची औषधंच वाटतात.

औषध संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी लघवी पुन्हा तपासायची असते, आणि पुढे बाळंतपणापर्यंत अधूनमधून. एकदा झालेला संसर्ग गरोदरपणात पुन्हा होऊ शकतो, आणि सैल झालेल्या मूत्रवाहिन्या बाळंतपणानंतरही काही आठवडे पूर्वपदावर येत नाहीत. इथेच बहुतेक जणी गळतात. बरं वाटतंय, मग कशाला?

ती माहेरी आलेली बाई गळली नाही. ताप उतरून दोन आठवडे झाल्यावर तिची डबी आली, सकाळची, झाकण घट्ट लावलेली, चिठ्ठीवर घेतल्याची वेळ लिहिलेली. दुसऱ्या दिवशी मी बशी उजेडात धरली. निळसर-हिरवी, जशी ठेवली होती तशीच. नियमाप्रमाणे आणखी एक रात्र ठेवून पाहिली आणि मग अहवालात लिहिलं: ‘४८ तासांनंतर जंतूंची वाढ नाही.’ तिचा ३१ वा आठवडा चालू होता.